घरगुती प्रयोगास, मु. पो. बारामती-इंदापूर

घरगुती प्रयोगा,



तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तुझ्या नावाची पाटी असते आणि तू तिथं नसतोस, ही माझी तक्रार आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी असतो, त्यात खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. सिरिंजा आणि सलाइनच्या नळ्या जोडून केलेला जेसीबी असतो. ठिबक सिंचनाची प्रतिकृती तर आमच्याकडं असायलाच हवी. तिच्यामागं उभ्या असलेल्या मुलाच्या घरी चांगलं चार एकरांवर ठिबक असतं, पण घरचे ड्रिपर कशानं चोंदतात असं विचारलं की तो पाठ केलेला परिच्छेद पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. जेसीबी बनवणाऱ्याचा हात चांगला असतो, हे मान्य (पुष्कळदा तो हात वडिलांचा असतो). पण ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे त्याला तुझं नाव द्यायला मी तयार नाही. ज्वालामुखी फेसाळणारच. चुकून नाही फेसाळला तर सोडा सादळला म्हणून नवी पुडी आणतात आणि परीक्षक यायच्या आत सगळं ठाकठीक करतात. का फेसाळला नाही, हे शोधत कुणी बसत नाही. तू तिथं सुरू होणार होतास.

मला तू भेटतोस तो इंदापूर तालुक्यातल्या डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांत, शेडखाली ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिंपात. तिथं तुला कुणी प्रयोग म्हणत नाही. ‘बोर्डो करायचंय’ एवढंच म्हणतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, हे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. मोरचूद एका पिंपात विरघळवायचा, चुना दुसऱ्यात विझवायचा, मग दोन्ही पाणी एकत्र करत ढवळत राहायचं. पिंप प्लास्टिकचंच हवं. लोखंडी किंवा पत्र्याचं घेतलं तर मोरचूद पिंपाशीच व्यवहार सुरू करतो. आणि मिश्रण जमलं की नाही हे ठरवायला बागायतदार काय करतो? घरातला लोखंडी विळा नाहीतर चाकू घासून स्वच्छ करतो आणि थोडा वेळ पिंपात धरतो. पातं तांबूस झालं तर मोरचूद मोकळा राहिला आहे, फवारलं तर पानं करपतील. मग आणखी चुन्याची निवळी घालायची, पुन्हा विळा बुडवायचा. पातं कोरं बाहेर आलं की पंप सुरू.

विळ्यावर चढतं ते खरं तांबं असतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते स्वतः द्रावणात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हेच ‘विस्थापन अभिक्रिया’ म्हणून येतं. परीक्षानळी, निळं द्रावण, लोखंडी खिळा, निरीक्षण, अनुमान. मुलगा ते वहीत उतरवून काढतो, आकृतीला पेन्सिलीनं छटा देतो, सही घेतो. बाप त्याच आठवड्यात पिंपात विळा बुडवतो. एका घरात दोघांनी एकच प्रयोग केला आणि रात्री जेवताना त्यावर कुणी बोललं नाही, हे मला फार चमत्कारिक वाटतं. मुलाला वाटतं विज्ञान परीक्षानळीत असतं. बापाला वाटतं आपल्याला विज्ञान कुठं येतं, आपण आपलं दुकानदारानं सांगितलं तसं करतो.

या मिश्रणाचा जन्मही असाच आहे. फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवायचे, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. दिसायला घाणेरडं आणि चवीला कडू. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवडा रोगानं आतल्या वेली झडल्या आहेत आणि रस्त्याकडेच्या मात्र हिरव्या आहेत. त्यानं पुढं रीतसर चाचण्या घेतल्या आणि 1885 मध्ये निष्कर्ष छापले. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. पण एक गोष्ट बघ: काही वेलींवर शिंपडलेलं होतं आणि काहींवर नव्हतं, म्हणूनच त्याला फरक दिसला. सगळ्याच वेली रंगवल्या असत्या तर त्याला काहीच कळलं नसतं.

इथं मला तुझ्याबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या तुझ्या अवताराबद्दल, कडू बोलायचं आहे. आमच्या तालुक्यांत नवं करून बघायची हौस दांडगी. कुणी उसाला जीवामृत सोडतो, कुणी ताकात तांब्याची तार टाकून फवारतो, कुणी कृषी सेवा केंद्रातून आलेलं नवं टॉनिक मारतो. पण मारतो तो सगळ्या रानावर. आणि एकटं टॉनिक मारत नाही. त्याच पंधरवड्यात खताचा डोसही होतो, पाऊसही पडतो. पीक उठलं की श्रेय शेवटच्या बाटलीला. दोन सऱ्या तशाच सोड, असं म्हटलं तर उत्तर ठरलेलं: ‘त्या दोन सऱ्यांचं नुकसान कोण भरून देणार?’ प्रश्न चुकीचा नाही. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कोरा वाफा सोडणाऱ्याचा पगार चालू असतो. तरीही दोन सऱ्या हा टॉनिकच्या बाटलीपेक्षा स्वस्त सौदा आहे, कारण बाटली दरवर्षी घ्यावी लागते आणि सऱ्या एकदाच सोडायच्या असतात.

स्वयंपाकघरातही हेच. विरजण नसेल तर दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकून दही लागतं, असं सांगतात आणि लागतंही. पण शेजारी देठ न टाकलेली वाटी कोण ठेवतं? उन्हाळ्यात नुसतं दूधही आंबून बसतं. दोन वाट्या, एकच दूध, एकच जागा, एकीत देठ आणि एकीत नाही. यात खर्च काही नाही आणि निकाल काय येईल ते मी सांगणार नाही.

कालव्याच्या पट्ट्यात तुला करण्यासारखं एक फार जुनं काम पडून आहे. 1885 च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी या कोरड्या मुलखात आलं आणि ऊस आला. त्यामागून आणखी एक गोष्ट आली, जिचा जयजयकार कुणी केला नाही. पाणी मुरत गेलं, जमिनीखालची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले आणि काळ्या रानावर पांढरी फुलारी दिसू लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारट जमिनींवर 1910 मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी पुस्तिका लिहिली. म्हणजे कालवा सुरू होऊन पुरती पंचवीस वर्षं होतात न होतात तोच दुखणं अभ्यासण्याइतकं वाढलं होतं. आज माळेगावच्या माळावर दुष्काळ आणि क्षार असल्याच संकटांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुखणं मात्र अजून काही शिवारांत तसंच आहे.

त्यासाठी घरी करता येईल असं काही? आहे. जमीन खारवट आहे की चोपण, हे ओळखायला दोन पारदर्शक बाटल्या पुरतात. दोन वेगवेगळ्या रानांतली मूठ-मूठ माती दोन बाटल्यांत घ्यायची, वर पाणी भरून खूप हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. पाणी बोअरचं चालणार नाही, त्यात आधीच क्षार असतात. पावसाचं साठवलेलं, नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. खारवट मातीवरचं पाणी लवकर निवळतं. चोपण मातीवरचं सकाळीसुद्धा गढूळच असतं, कारण सोडियम मातीच्या बारीक कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, ते खाली बसतच नाहीत. रानात हेच कण भोकं बुजवतात आणि पाणी वरच्या वर साचून राहतं. आता गढूळ बाटलीत चमचाभर जिप्सम टाकून पुन्हा हलवायचं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, कणांचे पुंजके होतात आणि पाणी निवळायला लागतं. चोपण रानात जिप्सम का टाकायचं, हे शिफारशींच्या तक्त्यापेक्षा त्या बाटलीत जास्त चांगलं कळतं.

पण बाटली फसवतेही. काही रानांत दोन्ही दोष एकत्र असतात. तिथली माती पहिल्यांदा झटकन निवळते आणि माणूस निश्चिंत होतो. वरचं पाणी ओतून नवं घालत गेलं की मोकळे क्षार धुऊन जातात आणि मग गढूळपणा उगवतो. शेतातही तसंच होतं: नुसत्या पाण्यानं क्षार धुवायला जावं तर जमीन आणखी दगडासारखी होते. म्हणून बाटलीनंतर माती परीक्षण करून घ्यायचंच. तू प्रयोगशाळेची जागा घे असं माझं म्हणणं नाही. प्रयोगशाळेचा कागद हातात आल्यावर त्यावरचे सामू (म्हणजे पीएच) आणि विद्युत वाहकता हे शब्द ओळखीचे वाटावेत, एवढं काम तुझं.

सामूवरून ड्रिपर आठवले. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट ठिबकच्या छिद्रांत साठतं आणि ते विरघळवायला आमच्याकडं ॲसिड ट्रीटमेंट करतात. आधी बादलीत पाणी घेऊन त्यात थोडं थोडं ॲसिड घालत लिटमस बघतात, बादलीवरून टाकीचा हिशेब काढतात. अनुमापन म्हणून महाविद्यालयात ब्यूरेट लावून शिकवतात ते हेच, फक्त इथं पांढऱ्या फरशीऐवजी बांध असतो. या कामात एकच गोष्ट उलटी करायची नसते: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि मुलांना तेवढा वेळ लांब ठेवायचं.

उसाचं ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, बघायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटरही तुझ्याच घराण्यातला. रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडं धरून रेषा कुठं येते ते वाचायचं. साखर जास्त तर प्रकाश जास्त वळतो. पेल्यातली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते त्यामागचंच कारण इथं पैशांत मोजतात. कुणाकडून तासाभरासाठी मिळाला तर उसाच्या एकाच कांडाचं बुडाशी, मध्ये आणि शेंड्याला माप घेऊन बघावं. कोवळ्या उसात बुडाच्या आणि शेंड्याच्या आकड्यांत मोठं अंतर असतं, ऊस पक्व होईल तसं ते कमी होत जातं. कारखान्याची तोड येईपर्यंत दर आठवड्याला हे तीन आकडे लिहीत गेलेल्या मुलाला प्रदर्शनात थर्माकोल लागणार नाही.

आता मोठ्यांचं. शारदानगरचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून बघतो आहे. रानात हवामान केंद्र, मातीत सेन्सर, वरून उपग्रहाची चित्रं, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला. हे बघायला जगभरातून माणसं येतात, आणि येऊ देत. मला काळजी वेगळीच आहे. मोबाइलवर ‘आज पाणी देऊ नका’ असं आलं, तर ते बरोबर की चूक हे पडताळायला त्या शेतकऱ्याच्या घरी काय असेल? सरळ भिंतीचा एक रिकामा डबा आणि पट्टी असली तरी पुष्कळ आहे. डबा उघड्यावर ठेवायचा, पाऊस थांबला की आत किती मिलिमीटर पाणी आहे ते मोजायचं. डबा रुंद असो की अरुंद, आकडा तोच येतो. विश्वास बसत नसेल तर लहान-मोठे दोन ठेवून बघावेत, फक्त भिंती सरळ हव्यात. एक मिलिमीटर म्हणजे एकरी चार हजार लिटरांहून थोडं जास्त पाणी. आमचा भाग पर्जन्यछायेतला, इथं पाऊस या शिवारात पडतो आणि ओढ्यापलीकडं पडत नाही. तालुक्याच्या सरासरीत आपलं रान सापडत नाही. आणि 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस याच कोरड्या भागाला पावसानं असं झोडपलं की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. त्या रात्री गावागावांत किती पडला, हे सांगणारे पन्नास डबे दोन्ही तालुक्यांत ठेवलेले असते तर आज तो नकाशा सोन्याच्या मोलाचा असता.

तुझी ओळख करून देणारी माणसं पुणे जिल्ह्यात कमी नव्हती. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. हातानं करता करता शिकायचं ही तिथली रीत. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब त्या खेड्यात आली, ती तिथं आधीपासून वेल्डिंग आणि पाण्याचा शोध चालू होता म्हणून. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर भूमिती शिकवली. आणि रॉकेटचं वेड असलेल्या पोराला मी इंदापूरच्याच वालचंदनगरचा पत्ता देईन. साखरेच्या निमित्तानं वसलेल्या त्या गावातल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेट मोटारींची पोलादी आवरणं तयार होतात. बाटलीत पाणी आणि पंपानं हवा भरून उडवलेलं रॉकेट बूच फारच घट्ट असेल तर बाटलीच फाडतं. आतला दाब आणि भिंतीची ताकद यांचा हाच हिशेब तिथले लोक जाडजूड पोलादाशी करतात.

तुझ्या नावावर एक काळी नोंदही आहे, ती लपवून पत्र लिहिणं बरं दिसणार नाही. पीव्हीसी पाइप, कॅल्शियम कार्बाइड, चार थेंब पाणी आणि लायटर, अशी बंदूक शेतात पाखरं आणि डुकरं हाकलायला करतात. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात मुलांच्या हातात ती खेळणं म्हणून आली आणि कित्येकांचे डोळे भाजले. न पेटलेल्या पाइपमध्ये वाकून बघणं, हे मुलं करणारच. त्या वेळी ॲसिटिलीन आत तयारच असतं. मोबाइलवरच्या व्हिडिओत बार निघतो तेवढाच दाखवतात. म्हणून माझा सरळ नियम असा की घरातल्या विजेच्या बोर्डाला, कार्बाइडला आणि ॲसिडच्या कॅनला हात लावणारा तू मुलांचा नव्हेस. बाकी सगळा आहेस.

आता कामाचं बोलतो. येत्या 12 मेला मला तू हवा आहेस.

त्या सुमाराला आमच्याकडं शून्य सावलीचा दिवस असतो. भर माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वर्षातून दुसऱ्यांदा हे जुलैच्या अखेरीस होतं, पण तेव्हा आभाळाचा भरवसा नाही. बारामती आणि इंदापूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, सरळ रेषेत सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटर अंतर. इंदापूर पूर्वेला, म्हणून तिथली माध्यान्ह आधी. त्या दिवशी ती इंदापुरात 12 वाजून 26 मिनिटांच्या आसपास येते आणि बारामतीत 12 वाजून 28 च्या आसपास; नेमका फरक पावणेदोन मिनिटांचा. पावणेदोन मिनिटांत सूर्य सेहेचाळीस किलोमीटर सरकतो, तर चोवीस तासांत किती? उत्तर सुमारे 38,000 किलोमीटर. हा आमच्या अक्षांशावरचा पृथ्वीचा घेर. विषुववृत्तावर तो 40,075. म्हणजे दोन गच्च्या, दोन काठ्या आणि मोबाइलची दोन घड्याळं यांच्या जोरावर पृथ्वी मोजता येते. इंदापूरला जाणाऱ्या एसटीत बसून कुणाला हे सुचत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

सोपं मात्र नाही. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळं सावलीची कड धूसर पडते. म्हणून काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पत्रा आडवा लावायचा. जमिनीवर सूर्याची छोटी गोल प्रतिमा पडते आणि तिचा मध्य खुणेनं धरता येतो. ओळंबा लावून काठीचं बूड पक्कं करायचं. त्याभोवती वर्तुळ आखायचं, सकाळी प्रतिमा वर्तुळाला शिवेल ती वेळ लिहायची, दुपारनंतर पुन्हा शिवेल ती लिहायची, दोहोंची मधली वेळ ती माध्यान्ह. एकाच्या जागी तीन-चार वर्तुळं आखली तर एकमेकांवर पहारा राहतो. एवढं करूनही दहा सेकंदांची चूक झाली तर पृथ्वी साडेतीन हजार किलोमीटरांनी फुगते किंवा आक्रसते.

बारामतीची गच्ची माझ्याकडं लागली. इंदापूरला पूर्व-पश्चिम मोकळी गच्ची आणि उन्हात बसायची तयारी असलेलं एखादं घर हवं आहे, शक्यतो ज्यांच्याकडं बोर्डो करायचा विळा आहे आणि दहावीतलं पोरही आहे. घड्याळं आदल्या रात्री फोन लावून जुळवून घेऊ. दोन्हीकडचे आकडे संध्याकाळपर्यंत एकमेकांना कळवायचे नाहीत, म्हणजे कुणी जुळवाजुळव करणार नाही. हिशेबात 30,000 आले तरी तेच लिहायचे आणि 45,000 आले तरी तेच. खोडून 38,000 करायचे नाहीत. ती वही मी पुढच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या शेजारी ठेवायची म्हणतो. तिथं टेबल मिळेल की नाही ते बघावं लागेल, थर्माकोल नसल्यावर नंबर लावून घेत नाहीत.

कळावे, लोभ आहेच.

कऱ्हेकाठचा,
तुझा एक शेजारी